तर्री पोह्यावरचं लिंबू खरंच पचवतं का?

आपल्या नागपुरात तर्री पोह्यावर लिंबू पिळताना हमखास ऐकू येतं, ‘पचायला बरं असतं.’ पोह्यातल्या स्टार्चपुरतं बोलायचं तर सुरुवातीला उलटंच होतं! स्टार्च तोडणाऱ्या लाळेतल्या अमायलेजला पीएच ७ च्या आसपास मानवतो. लिंबाच्या रसाचा २ ते ३. रस भरपूर पडला, की एन्झाइमचा आकार बिघडतो, काम थांबतं.

मीठ मात्र कामाचं. त्यातला क्लोराइड आयन अमायलेजला चिकटला की ते जोमात चालतं. पण लाळेत क्लोराइड असतंच बरं का, वरून मीठ भुरभुरायला नको. बीपीवाल्यांनी तर नकोच.

मग लिंबू सोडायचं? छे! उरलेलं स्टार्च लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज तोडतं, आणि तिथं बायकार्बोनेटनं आम्ल निवलेलं असतं.