शेपटीसाठी जागा सोडा

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं आपण म्हणतो. उडत्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला मात्र ही म्हण उलटी येते: पक्षी सापडतो आणि शेपूट चौकटीबाहेर राहतं.

मी हा धडा भोपाळच्या चार इमलीत गिरवला. नावात चिंचेची चार झाडं. प्रत्यक्षात मंत्र्यांचे आणि बड्या अधिकाऱ्यांचे सरकारी बंगले, जुनी झाडी आणि जवळच एकांत पार्क. (बंगल्यांच्या दिशेने मोठी लेन्स रोखून उभं राहू नये. पहारेकऱ्याने हटकल्यावर ‘टकाचोर शोधतोय’ हे उत्तर फारसं उपयोगी पडत नाही.)

सरावाला टकाचोरासारखा गुरू नाही. लांबी जवळपास अर्धा मीटर, त्यातली निम्मी नुसती शेपटी. चार वेळा पंख मारतो, मग तरंगत जातो; उतरताना शेपटी पंख्यासारखी उघडतो. तो क्षण आधी ओळखता येतो. उडत्या पक्ष्याच्या पुढे जागा ठेवावी, असं नवशिक्याला सगळेच सांगतात. घारीला ते ठीक आहे. इथे मागेही तेवढीच जागा हवी. म्हणून ४०० मिमीचा मोह सोडून मी ३०० वर येतो आणि जास्तीची चौकट घरी कापतो. कापता येतं, जोडता येत नाही.

खरी परीक्षा दूधराजाची. मध्य प्रदेशाचा हा राज्यपक्षी. आपण मराठीत त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतो. देह बुलबुलाएवढा, पण वयात आलेल्या नराच्या शेपटीची मधली दोन पिसं ३० सेंमीपर्यंत जातात. शेपटी यायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तांबूस नर मादीसारखाच दिसतो. भोपाळजवळच्या केरव्याच्या झाडीत तो सावलीतून सावलीत वळणं घेत किडे टिपतो. समजा, तो सेकंदाला ६ मीटर वेगाने जातोय. १/१००० सेकंदात तो ६ मिलिमीटर सरकतो, १/२५०० मध्ये अडीचही नाही. पण कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवून देह स्थिर केला, तरी शेपटीचं टोक देहाबरोबर जात नाही. देह वळून झाल्यावर ते चाबकासारखं मागून येतं. डोळा रेखीव आणि टोक पुसट, हा फोटो मला चुकलेला वाटत नाही. उलट दोन्ही गोठले की पक्षी दोरीला टांगल्यासारखा दिसतो.

दुसरी अडचण खोलीची. फुल-फ्रेम कॅमेरा, ४०० मिमी, एफ ५.६, अंतर ८ मीटर असेल तर स्पष्ट पट्टा जेमतेम १३ सेंमीचा. पक्षी तिरका आला की शेपटी त्या पट्ट्याबाहेर. तो आडवा जात असतानाच बटण दाबावं. पांढरा नर गर्द झाडीपुढे असेल तर कॅमेरा अंधाराला भुलून उजेड वाढवतो आणि पिसं जळतात. मी एक्स्पोजर एक स्टॉप खाली ठेवतो.

सोपी संधी पाण्यावर मिळते. दुपार कलताना दूधराज फांदीवरून डबक्यात सूर मारतो, पुन्हा वर जातो, पुन्हा सूर मारतो. वाट ठरलेली असते. आपण फक्त दूर, गप्प बसायचं. घरट्यापाशी मात्र कॅमेरा उघडू नये. ते बहुधा हाताच्या उंचीवर, कोळिष्टकांनी बांधलेलं असतं आणि आपल्या ये-जा करण्याने कावळ्याला पत्ता लागतो.

एवढं ओझं पक्षी वागवतो कशाला? संशोधक माल्टे अँडरसनने १९८२ मध्ये केनियातल्या लांबशेपट्या विडोबर्डवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही नरांच्या शेपट्या कापून आखूड केल्या, काहींच्या चिकटवून लांबवल्या. लांबवलेल्यांच्या हद्दीत जास्त माद्यांनी घरटी केली. मादीची नजर टोकापर्यंत जात असेल, तर छायाचित्रकारानं ते का कापावं?

मोराची गोष्ट निराळी. ज्याला आपण शेपटी समजतो तो पिसारा शेपटीवरच्या झाकणपिसांचा असतो. खरी शेपटी त्याखाली, आखूड. पावसाळा सरता सरता पिसारा गळतो. दिवाळीत भोपाळच्या वनविहारात गेलात, तर उडणारा मोर बहुधा बिनपिसाऱ्याचा भेटेल. त्याच्यासाठी लांडोरीएवढी चौकट पुरते.