झुरिचच्या विमानानंतरची अकरा वर्षे

कोलकात्याच्या दक्षिणेला, हुगळीकाठच्या बजबजला २९ सप्टेंबर १९१४ रोजी कोमागाता मारू ही बोट लागली. व्हँकुव्हरने परत धाडलेल्या हिंदी उतारूंवर तिथे गोळ्या चालल्या, वीसेक माणसे मेली. अमेरिकेनेही १९१७च्या कायद्याने हिंदी माणसांना दार लावले. तरी १९२०मध्ये ब्रिटिशांचा तुरुंग पाहिलेले बंगाली क्रांतिकारक ननीगोपाल बोस तिकडे पोहोचले. त्यांचे पुत्र, ध्वनिसंशोधक अमर बोस, १९२९मध्ये फिलाडेल्फियात जन्मले आणि एमआयटीत शिकले. त्यामुळे त्यांच्या शोधांवर रक्ताच्या नात्याने हक्क सांगण्याची आपली हौस मला पटत नाही. पण त्यांच्या चरित्राचा दुसरा लाडका सोपेपणाही तितकाच फसवा आहे.

१९७८मध्ये झुरिचहून बोस्टनला येताना विमानातल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडाले, म्हणून बोस यांनी प्रवासातच गोंगाट पुसण्याचे गणित मांडले, ही गोष्ट सगळे सांगतात. प्रसंग खरा आहे. पण उलट्या लाटेने आवाज मारण्याचे तत्त्व जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांच्या नावे १९३६मध्येच अमेरिकेत पेटंट झाले होते. मग बोस शोधक कसे, असे कोणी विचारील. उत्तर तपशिलात आहे. कानावरच्या कपातला मायक्रोफोन आवाज टिपतो आणि यंत्रणा लगेच त्याच्या उलट आवाज सोडते. यात किंचित उशीर झाला तर घटण्याऐवजी गोंगाट वाढतो, यंत्रणा शिट्टी मारू लागते. म्हणून ही युक्ती इंजिनाच्या खालच्या, सलग घरघरीवर चालते. वरच्या पट्टीचा आवाज कपाच्या गादीनेच अडवावा लागतो. हे सारे वैमानिकाच्या कानावर टिकेल असे बसवायला वर्षे लागली. १९८६मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानाच्या वैमानिकांनी प्रायोगिक हेडसेट वापरले, आणि विक्रीचा हेडसेट १९८९मध्ये आला.

इतका दम बोस यांच्या कंपनीला परवडला, कारण १९६४मध्ये काढलेली ती त्यांनी शेअरबाजारात नेलीच नाही. तिमाही नफ्याचा हिशेब मागायला कोणी नव्हते. पैसा आला तो १९६८च्या ९०१ स्पीकरमधून. त्याच्या नऊपैकी आठ शंकूंचे तोंड भिंतीकडे! जाणकारांनी नाके मुरडली, पण सभागृहातला बहुतेक आवाज परावर्तित होऊनच कानी येतो, हा बोस यांचा आग्रह होता. चिकाटी प्रत्येक वेळी फळली, असे मात्र नाही. १९८०पासून चाललेले मोटारीच्या विद्युतचुंबकीय सस्पेन्शनचे काम २००४मध्ये दाखवले गेले. जड आणि महाग असल्याने ते गाड्यांत आलेच नाही. त्यातली विद्या २०१०मध्ये ट्रकचालकाच्या आसनाखाली गेली.