हिरव्या पाट्यांचा हिशेब

विजेवर चालणाऱ्या खासगी वाहनास हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत आणि भाड्याच्या वाहनास त्याच हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक देण्याचा नियम असल्यामुळे, सकाळी दहाच्या सुमारास पुण्याच्या एखाद्या चौकात सिग्नलपाशी उभे राहिले असता अशा गाड्यांची मोजदाद कोणालाही नुसत्या नजरेने करता येते. पण दहा वर्षांनी याच चौकात त्या किती असतील, हे सांगायला गणिताचा आश्रय घ्यावा लागतो. राज्यात नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांपैकी २०२५पर्यंत १० टक्के वाहने विजेवरची असावीत, असे महाराष्ट्र शासनाच्या २०२१च्या धोरणात म्हटले होते. २०२५च्या धोरणाने २०३०साठी हा आकडा ३० टक्क्यांवर नेला. ही उद्दिष्टे आहेत. भाकीत करणाऱ्याने ती उत्तर म्हणून आधीच मांडून ठेवू नयेत.

पिएर व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ साली लोकसंख्येच्या वाढीसाठी जी वक्ररेषा सुचवली, ती आरंभी मंद, मध्यंतरी वेगवान आणि कमाल मर्यादेजवळ पुन्हा मंद होत जाते. पुढे १९६९ साली अमेरिकेतील फ्रँक बास यांनी नव्या वस्तूंच्या खपाचा विचार करताना ग्राहकांच्या दोन प्रेरणा वेगळ्या काढल्या: काहीजण आपल्या हौसेने आधी घेतात, आणि बाकीचे शेजाऱ्याची वस्तू नीट चालते आहे हे पाहून घेतात. आळीत पहिली विजेची स्कूटर आली त्या आठवड्यात, “एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?” हा प्रश्न ज्याने दहा तोंडांतून ऐकला आहे, त्याला बास यांच्या समीकरणातील दुसरे पद समजावून सांगावे लागत नाही.

या वक्ररेषेत एक मोठी अडचण मात्र दडलेली आहे. समजा, नव्या नोंदणीतील विजेच्या वाहनांचा वाटा लागोपाठ तीन वर्षे १, २ आणि ४ टक्के असा आला. कमाल मर्यादा २० टक्के धरून रेषा काढली तर चौथ्या वर्षी सुमारे ७ टक्के येतात, ९० धरून काढली तर सुमारे ८. आणि एवढा फरक पेट्रोलच्या दरातील एखाद्या चढउतारातही झाकून जाईल. सातव्या वर्षी मात्र पहिली रेषा १७ टक्क्यांपाशी रेंगाळते आणि दुसरी ४० टक्के गाठते! आरंभीची वर्षे कितीही काटेकोरपणे मोजली तरी मर्यादा त्यांतून निघत नाही; ती माणसांच्या राहणीवरून ठरवावी लागते.

त्यातच सवलतींत फेरफार झाला की रेषा तुटते. केंद्र सरकारने १ जून २०२३पासून दुचाकींचे अनुदान बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे १५,००० रुपयांवरून १०,००० रुपयांवर आणले, तेव्हा मे महिन्यात देशभर खरेदीची घाई उडाली आणि जूनची नोंदणी मेच्या निम्म्याहूनही खाली गेली.

शिवाय नोंदणी आणि मालकी यांची गल्लत होता कामा नये. गाडी सरासरी पंधरा वर्षे रस्त्यावर राहते असे धरले तर दरवर्षी एकंदर ताफ्याचा पंधरावा हिस्साच पालटतो, म्हणून नव्या गाड्यांपैकी ३० टक्के विजेच्या असल्या तरी ताफ्यात त्यांची वार्षिक भर जेमतेम २ टक्क्यांची. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेच्या होत्या, तरी तेथील रस्त्यांवरील मोटारींत त्यांचा वाटा एकतृतीयांशाच्याही आत होता.

तेव्हा राज्याचे भाकीत करू इच्छिणाऱ्याने आधी इमारतींच्या वाहनतळांत उतरावे आणि किती कुटुंबांना स्वतःच्या मीटरवरून गाडीपर्यंत तार नेता येते, हे मोजावे, असे मला कळकळीने वाटते. माझ्या परिचयाच्या एका भाडेकरूस घरमालकाने खाली तार आणू दिली नाही, म्हणून त्याने काढता येण्याजोग्या बॅटरीची स्कूटर घेतली. रोज संध्याकाळी ती आठ-दहा किलोंची बॅटरी हातात धरून तो तिसऱ्या मजल्यावर चढतो. दुसऱ्या मजल्यावर तो दम खायला थांबला की तेथील गृहस्थ दार उघडून बॅटरी एकदा उचलून पाहतात, खाली ठेवतात आणि विजेचे बिल किती आले ते विचारतात. त्यांची पेट्रोलची गाडी अजून खाली उभी आहे.