लोकप्रिय कादंबरी आणि लेखकांचा रोष

रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ साली आपला 'हिंदी साहित्य का इतिहास' सिद्ध केला, तेव्हा देवकीनंदन खत्री यांचे काय करावयाचे हा प्रश्न त्यांना टाळता येण्यासारखा नव्हता. 'चंद्रकांता' आणि 'चंद्रकांता संतति' या तिलिस्म व ऐयारी यांनी भरलेल्या कादंबऱ्यांनी उत्तर हिंदुस्थानाला वाचनाचे वेड लावले होते. केवळ त्या वाचता याव्यात म्हणून उर्दू जाणणाऱ्या कितीतरी लोकांनी हिंदी शिकून घेतली. शुक्लांनी या लेखकाविषयी दोन निकाल दिले. या कादंबऱ्यांचे लक्ष्य घटनांच्या वैचित्र्यापलीकडे जात नाही, त्यांत रससंचार नाही की स्वभावचित्रण नाही, सबब त्या साहित्याच्या कोटीत बसत नाहीत, हा पहिला. हिंदीला जितके वाचक खत्रींनी मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणाही ग्रंथकाराने दिले नाहीत, हा दुसरा. दोन्ही निकाल खरे आहेत. आणि ते एकमेकांशेजारी ठेवून शुक्ल शांतपणे पुढे गेले. ही शांतता इतिहासकाराला शोभते. जे स्वतः कथा-कादंबऱ्या लिहितात त्यांना मात्र ती क्वचितच साधलेली दिसते. सुलभ आणि बहुखपाच्या पुस्तकावर सर्वांत कठोर शब्द उच्चारले गेले ते बहुधा लेखकांकडूनच. असे का व्हावे?

पहिले उत्तर तोंडावर येते ते मत्सराचे. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? नॅथॅनिएल हॉथॉर्न याने १८५५ च्या जानेवारीत आपल्या प्रकाशकाला पाठविलेल्या पत्राचा दाखला यासाठी नेहमी दिला जातो. अमेरिकेचे सारे वाचन लिहित्या बायकांच्या घोळक्याने व्यापून टाकले आहे, तेथे आपला पाड कसा लागणार, अशी चडफड त्याने त्या पत्रात केली आहे. आदल्याच वर्षी मारिया कमिन्स हिच्या 'द लॅम्पलायटर' या कादंबरीच्या ४०,००० प्रती अवघ्या काही आठवड्यांत खपल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे चडफडीचे कारण निराळे शोधावे लागत नाही. परंतु हा दाखला देणारे बहुधा येथेच थांबतात. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हॉथॉर्नने त्याच प्रकाशकाला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात फॅनी फर्न हिच्या 'रूथ हॉल' या कादंबरीची मनापासून वाखाणणी केली आहे. 'रूथ हॉल' हीदेखील एका स्त्रीचीच कृती, आणि खपाच्या दृष्टीने तीही काही मागे नव्हती. त्या पुस्तकात त्याला बेडरपणा दिसला, लेखिकेने स्वतःचे आयुष्य आडपडदा न ठेवता मांडलेले दिसले. म्हणजे खपाचा सल आणि पुस्तकाची पारख या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी, एकाच हिवाळ्यात नांदत होत्या. नुसत्या मत्सराने दुसऱ्या पत्राचा उलगडा होत नाही.

मत्सराहून काहीसे प्रतिष्ठित असे दुसरे कारण आर्थिक आहे. १८३६ साली एमिल द जिरार्दँ याने पॅरिसमध्ये 'ला प्रेस' हे दैनिक प्रचलित वर्गणीच्या निम्म्या दरात काढले. तूट जाहिरातींनी भरून काढावयाची, आणि जाहिराती मिळविण्यासाठी वाचक टिकवावयाचा तो क्रमशः कादंबरीने. तीन वर्षांनी सैंत-बव्ह याने या नव्या वाङ्मयाला कारखानदारी वाङ्मय असे नाव देऊन त्यावर घणाघाती लेख लिहिला. त्याचा आक्षेप एखाद्या लेखकाच्या यशावर नव्हता. लांबीवर मोबदला मिळू लागला म्हणजे संवाद वाढतात, प्रकरणे फुगतात आणि लेखणी पैशाच्या तालावर चालू लागते, हे त्याचे म्हणणे होते. भारतीय भाषांत, जेथे गंभीर पुस्तकाची आवृत्ती हजार-दोन हजारांच्या पुढे सहसा जात नाही आणि ग्रंथालयांची खरेदी हाच मुख्य आधार असतो, तेथे तर ही चिंता अधिकच स्वाभाविक ठरते. एका पुस्तकाने व्यापलेली फळी दुसऱ्याला मिळत नाही.

तथापि हे कारणही पुरेसे नाही. तसे असते तर सर्वांत मोठा रोष सर्वांत मोठ्या खपावर झाला असता. मराठीतील अनुभव निराळा आहे. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची पात्रे घराघरांत पोहोचली. पण अर्नाळकरांवर कोणी साहित्यिक तुटून पडला असे दिसत नाही. पडले ते कौतुकमिश्रित स्मित. कारण उघड आहे. अर्नाळकरांनी साहित्याच्या पंक्तीत पाट मागितला नव्हता. रोष झाला तो ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्यावर, म्हणजे ज्यांना हजारो वाचक होते आणि त्याबरोबरच साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही होते (फडके १९४०, खांडेकर १९४१) अशांवर. खांडेकरांच्या 'ययाति'ला १९६० साली साहित्य अकादेमीचा आणि १९७४ साली ज्ञानपीठाचा पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीवरील कठोर लेखन या सन्मानांनी थांबले नाही, उलट त्याला धार आली. हीच गोष्ट अमेरिकेत २००३ साली दिसून आली. भयकथालेखक स्टीफन किंग यांची पुस्तके तोवर तीसेक वर्षे अफाट खपत होती. वादळ उठले ते नॅशनल बुक फाउंडेशनने त्यांना गौरवपदक जाहीर केले तेव्हा. खप सहन होतो. खपाला मानमान्यता मिळाली म्हणजे तो सलू लागतो. पंक्तीबाहेरचा मनुष्य कितीही जेवला तरी पंक्तीतल्यांना त्याचे काही वाटत नाही.

फडक्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. १९३१ साली त्यांनी 'प्रतिभासाधन' प्रसिद्ध करून कथालेखनाचे तंत्र उघड्यावर मांडले. गुंफण कशी करावी, उत्कंठा कशी वाढवावी, शेवट कोठे करावा, हे शिकता आणि शिकविता येते असे त्यांनी सांगितले आणि त्याप्रमाणे स्वतः लिहूनही दाखविले. अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराने असाच अपराध केला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तो सांगतो की, रोज पहाटे घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द या हिशेबाने आपण लिहीत असू; आणि शेवटी सर्व पुस्तकांच्या मिळकतीची यादी देऊन जवळजवळ ६९,००० पौंडांची बेरीजही मांडतो. या आत्मचरित्राने त्याच्या कीर्तीला पुढे बराच काळ ग्रहण लागले. त्याच्या कादंबऱ्या तर त्याच होत्या, एक अक्षरही बदलले नव्हते. परंतु प्रतिभा ही पाहुणी म्हणून येते, तिला हाक मारून बोलावता येत नाही, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना हा घड्याळाचा हिशेब अपमानासारखा वाटला. लोकप्रिय लेखक पुष्कळदा कारागीर असतो आणि कारागीर असल्याचे लपवीत नाही; इतर लेखकांना त्याची कृती जितकी खटकते तितकाच हा कबुलीजबाब खटकतो.

लोकप्रियता ही आणखी एका अर्थाने अधिकाराला आव्हान देते. 'द सॉरोज ऑफ सेटन' ही मारी कोरेली हिची कादंबरी १८९५ साली निघाली ती एका सूचनेसह : परीक्षणासाठी प्रत कोणालाही पाठविलेली नाही. टीकाकारांनी आजवर केलेल्या टवाळीचा सूड तिने असा घेतला, आणि कादंबरी विक्रमी खपली. खालच्या न्यायालयाला वळसा घालून थेट वाचकांकडे दाद मागितली गेली आणि ती मिळाली. न्यायाधीशांनी यानंतर कडू व्हावे यात नवल कसले! याच कोरेलीच्या 'टेम्पोरल पॉवर' या कादंबरीवर फडक्यांची पहिली कादंबरी, 'अल्ला हो अकबर' (१९१७), आधारलेली आहे, हा योगायोग येथे नोंदून ठेवण्यासारखा आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळावयाचे. लोकप्रिय पुस्तक सोपे असते म्हणून ते हलके, असे सूत्र चर्चेत नकळत वापरले जाते. भारतीय काव्यशास्त्राला हे सूत्र मान्य होण्यासारखे नाही. मम्मटाने प्रसाद हा गुण सर्व रसांना साधारण मानला. वाळल्या लाकडात अग्नी शिरावा किंवा स्वच्छ पाणी पसरावे तसा अर्थ चित्तात तत्काळ पसरतो तेथे प्रसाद. म्हणजे सुबोधता हा गुणच ठरला. पण मम्मटाच्या दृष्टांतात अग्नी बाहेरून येतो, ही गोष्ट विसरता येत नाही. पूर्वी चित्तात नव्हते असे काही तेथे पेट घेते. दुसऱ्या प्रकारच्या सोपेपणात बाहेरून काहीच येत नाही. नायिका रुसणार, गैरसमज होणार, पत्र उशिरा पोहोचणार, हे वाचकाच्या मनात आधीपासून असते. लेखक ते फक्त त्याला परत करतो. दोन्ही पुस्तके एकाच बैठकीत वाचून होतात, म्हणून ती सारखी दिसतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शाळकरी मुलालाही अडत नाही. वाक्ये आखूड, शब्द रोजचे, कथानक जवळजवळ नाहीच. आणि ती लोकप्रियही झाली. तिच्या सोपेपणाबद्दल तिला कोणी लेखकाने दूषण दिलेले नाही. धनगरांच्या वस्तीवर आलेल्या कोवळ्या शिक्षकाला जे दिसते, ते मराठी वाचकाने पूर्वी पाहिलेले नव्हते.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे १९४५ च्या आसपास नवकथाकारांनी फडके-खांडेकरांच्या वळणावर केलेल्या हल्ल्याचे स्वरूप कळते. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांचे भांडण दोन व्यक्तींशी नव्हते. कलेसाठी कला म्हणणारे फडके आणि जीवनासाठी कला म्हणणारे खांडेकर यांचा आपसांतील वाद मोठा गाजला होता. नव्या लेखकांनी दोघांनाही एकाच बाजूला उभे केले, कारण दोघांच्या वाचकाला लागलेली सवय एकच होती. कथेला आरंभ, गुंतागुंत आणि उकल असावी ही ती सवय. ती मोडल्याशिवाय मनाच्या कोपऱ्यातील अर्धवट हालचाली टिपणारी कथा वाचली जाणे शक्य नव्हते. व्हर्जिनिया वुल्फने १९२४ साली आर्नल्ड बेनेटवर धरलेले शस्त्र याच कारणाने उगारलेले होते. अशा टीकेत अन्याय असतो, आणि तो जवळजवळ अटळ असतो. ज्याला स्वतःसाठी जागा करावयाची आहे त्याने शेजाऱ्याचे मोजमाप अचूक करावे, ही अपेक्षा जरा जास्तच होय. फडक्यांची प्रसन्न, नितळ गद्यशैली पुढच्या पिढीच्या कामी किती आली, याचा हिशेब नवकथाकारांनी मांडला नाही. तो मांडण्याचे काम समीक्षकांचे होते. त्यांनीही फार घाई केली नाही.

हे ऋण बहुधा अमान्यच राहते. जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्स या इंग्रज लेखकाची ख्याती त्याच्या देशातील साहित्यिकांत यथातथाच होती. पॅरिसच्या यूजीन स्यूपासून स्फूर्ती घेऊन त्याने १८४४ पासून लंडनची 'रहस्ये' आठवड्या-आठवड्याला छापली. इंग्लंडात तो विस्मृतीत जाऊ लागला तेव्हा हिंदुस्थानात त्याची भाषांतरे व रूपांतरे अनेक भाषांत निघत होती. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी, 'मधली स्थिती' (१८८५), रेनल्ड्सच्याच धर्तीवर रचलेली आहे. पुढे पाच वर्षांनी आपट्यांनी स्वतःचे साप्ताहिक काढले. विधवेच्या केशवपनापर्यंत जाऊन पोहोचणारी यमूची आत्मकथा, 'पण लक्षात कोण घेतो', त्यातच हप्त्याहप्त्याने आली. आणि पुढील अंकाची वाट पाहावयास लावण्याची रेनल्ड्सची हातोटी तिच्यातही जागोजाग दिसते. त्या साप्ताहिकाला त्यांनी नाव दिले होते 'करमणूक'.