घाटात गाडी का तापते?

उन्हाळ्यातली दुपार. खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढताना अवजड ट्रकांमागे वाहनांची रांग लागते आणि एखादी मोटार बॉनेट उघडून कडेला उभी दिसते. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताना न तापणारी मोटार मुंगीच्या गतीने जाताना का तापावी? हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो तेव्हा ‘पाणी संपले असेल’ असे उत्तर हमखास मिळते. पण पाणी पुरेसे असूनही गाडी तापू शकते.

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा यांत्रिक कामी येते. उरलेल्या उष्णतेचा एक मोठा भाग धुराबरोबर जातो. दुसरा इंजिनाभोवती खेळणारे पाणी शोषून घेते. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते आणि नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांवरून वाहणारी हवा ती उष्णता घेऊन जाते. म्हणजे इंजिन अखेर थंड होते ते हवेमुळे. पाणी हा केवळ उष्णतेचा हमाल!

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. एवढा वारा रेडिएटरला फुकट मिळतो. घाटात पहिल्या गिअरमध्ये इंजिनावरचा भार, म्हणून उष्णताही जास्त. वारा मात्र जवळजवळ नाही. सारी भिस्त पंख्यावर. तो बिघडला असेल किंवा रेडिएटर धुळीने बुजला असेल, तर मोकळ्या रस्त्यावर पत्ता लागत नाही. कोंडीत तो दोष उघडा पडतो.

काटा चढू लागला की वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण चालू करावा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. तरीही काटा चढत राहिला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे.

मात्र गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. प्रेशर कुकरप्रमाणे आत दाब असतो. तो वातावरणाच्या दुप्पट असेल, तर पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते. झाकण उघडताच उत्कलनबिंदू १०० अंशांवर येतो. एक किलोग्रॅम पाणी २० अंशांनी निवताना सुमारे ८४ किलोज्यूल उष्णता सुटते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे क्षणात ३७ ग्रॅम पाण्याची वाफ होते. तिचे आकारमान ६० लिटरांहून अधिक! ही वाफ उरलेले उकळते पाणी घेऊन उसळते, आणि समोर असतो झाकण उघडणाऱ्याचा चेहरा.

हे गणित वर्गात जरूर सोडवून घ्यावे. इंजिन पुरते निवेपर्यंत थांबण्याचा धीर त्यातूनच येईल.