भर समुद्रातले दुखणे

आपल्या मानखुर्दला मध्यरात्री कुणाची छाती दुखू लागली, तर शेजारी धावतात, रिक्षा मिळते, गोवंडीचे रुग्णालय गाठता येते. जेथून वाटच नाही, तेथे दुखणेकऱ्याने काय करावे?

दक्षिण ध्रुवखंडावरील एका सोव्हिएत तळावर ३० एप्रिल १९६१ रोजी रोगोझोव्ह नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःचेच पोट चिरून सुजलेले आंत्रपुच्छ काढले. डॉक्टर तो एकटाच; बाहेर हिमवादळ, विमान येणे अशक्य. आरसा धरायला आणि हत्यारे द्यायला एक ड्रायव्हर आणि एक हवामाननिरीक्षक! तो वाचला. त्याच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो ऑस्ट्रेलियाच्या तळांवरचा नियम: तेथे हिवाळा काढणाऱ्या डॉक्टरने निघण्यापूर्वीच आंत्रपुच्छ काढून घ्यावयाचे.

आता आपल्याच दाराशी या. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर. २६ जुलै २००५ च्या पावसाने आपली हार्बर लाईन बंद पाडली, ते आपणांस आठवत असेल. दुसऱ्या दिवशी तिकडे 'समुद्र सुरक्षा' या मदतनीस जहाजावरील स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके तुटली. खवळलेल्या हवेत हेलिकॉप्टर उडेना. तेव्हा त्याला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवावयाचे ठरले. आडोशाच्या बाजूची क्रेन नादुरुस्त, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने आणले. जखमी माणूस टोपलीतून वर गेला. जहाज मागे सरत असता एका मोठ्या लाटेने उचलले आणि ते वायूच्या उभ्या नळावर आदळले. नळ फुटला, आग लागली. दोन तासांत सबंध प्लॅटफॉर्म कोसळला. ३६२ माणसे वाचली, २२ गेली.

स्वयंपाकी, क्रेनवाला, खलाशी यांपैकी कुणी कामात कसूर केली, असे मी म्हणणार नाही. जखमेवर इलाज अवघड नव्हता, जखमीला न्यावयाची वाट अवघड होती. आम्ही कामगारांतली माणसे करारात पगार आणि भत्ता नीट वाचतो. दुखणे आले तर खाली कसे उतरवणार, हे कलम कितीजण विचारतात?

त्या जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या बंद कोठडीत होते. खोल पाण्यात काम करणाऱ्याच्या रक्तामांसात वायू मुरतो. दाब हळूहळू, काही दिवसांत उतरवावा लागतो. घाईने दार उघडले, तर तो वायू फेसाळून माणूस मरतो. जळते जहाज सोडून बाकीचे निघाले, हे सहाजण आतच राहिले. त्यांना ३६ तासांनंतर जिवंत सोडवले. जहाज १ ऑगस्टला बुडाले.