नावाला शेपूट नको

डेन्मार्कचा नकाशा समोर घ्या आणि अगदी वरच्या टोकाला जा. युटलंडचा द्वीपकल्प निमुळता होत जिथे समुद्रात शिरतो, तिथे दोन नावं शेजारीशेजारी दिसतील : स्कागेन आणि ग्रेनेन. स्कागेन हे गाव. ग्रेनेन ही त्याच्या पुढची वाळूची जीभ. तिच्या एका अंगाला स्कागेराक, दुसऱ्या अंगाला काटेगाट, आणि दोन्ही समुद्रांच्या लाटा टोकावर एकमेकींना भिडतात. लोक ते बघायला लांबून जातात. मी मात्र अडकलो ते दोन्ही नावांच्या शेवटी असलेल्या 'एन'पाशी.

(उच्चार लिहिताना मी डॅनिश स्पेलिंगचा हात धरला आहे. डॅनिश माणूस निम्मे आवाज घशातच ठेवतो. त्याच्या तोंडी स्कागेनचं 'स्केन' होतं. त्याच्यामागे देवनागरी घेऊन धावण्यात अर्थ नाही.)

या भाषेत 'ठरलेली वस्तू' दाखवायची तर नामाला मागून शेपूट चिकटवतात. 'बिल' म्हणजे मोटार, 'बिलेन' म्हणजे ती आपली ठरलेली मोटार. 'हुस' म्हणजे घर, 'हुसेट' म्हणजे ते घर. एकवचनात शेपटं दोनच, कारण लिंगंही दोनच. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग प्रमाण डॅनिशमध्ये केव्हाच एकमेकांत मिसळून एक सामाईक लिंग झालं. त्याचं शेपूट 'एन'. उरलं नपुंसकलिंग, त्याचं 'एट'.

आता 'ग्रेन' म्हणजे फांदी आणि ग्रेनेन म्हणजे 'ती फांदी'. 'स्कागे' म्हणजे समुद्रात घुसलेलं भूशिर आणि स्कागेन म्हणजे 'ते भूशिर'. कधीकाळी कोणी कोळी 'त्या भूशिरापाशी' म्हणत असणार, आणि कुठलं भूशिर हे ऐकणाऱ्याला कळत असणार.

गंमत अशी, की विशेषनामाला हे शेपूट एरवी चालतच नाही. कारण सरळ आहे. शेपूट सांगतं, 'कोणतं ते तुला ठाऊक आहे', आणि नाव घेतलं की हे सांगून झालेलं असतं. म्हणून 'पीटर'चं कधी 'पीटरेन' होत नाही. स्कागेनचं शेपूट आधीचं, साधं नाम असतानाचं. नाव होताना ते आत गोठून गेलं.

याच्या नेमकं उलट कोपनहेगनच्या मध्यावर घडलं आहे. चौथ्या ख्रिश्चन राजाने तिथे वेधशाळेसाठी एक गोल बुरूज बांधला, 1642 मध्ये तो पुरा झाला. वर जायला पायऱ्यांऐवजी 209 मीटरांची फरसबंद चढण आहे, गाभ्याभोवती साडेसात वेढे घेणारी. बुरुजाचं नाव रुंडेतॉर्न. 'रुंड' म्हणजे गोल, 'तॉर्न' म्हणजे बुरूज. पण नुसतं विशेषण 'रुंड', ते 'रुंडे' कधी होतं? समोरचा बुरूज ठरलेला असेल तेव्हाच. 'तो गोल बुरूज' हे डॅनिशमध्ये 'डेट रुंडे तॉर्न'. नावातून 'डेट' गळून पडलं, 'तॉर्न'ला 'एट' लागलं नाही, आणि तरी विशेषण मात्र 'तो' हा शब्द ऐकू आल्यासारखं वागतं आहे. पाहुणे निघून गेले, पण त्यांच्यासाठी नेसलेलं लुगडं तसंच अंगावर!

हीच तऱ्हा स्टोरेबेल्ट या सामुद्रधुनीची, म्हणजे 'मोठा पट्टा'. माणसांचीही तीच. म्हातारा माणूस 'डेन गाम्ले मान्ड', पण ओळखीचा म्हातारा हान्सन असेल तर नुसतं 'गाम्ले हान्सन', 'डेन' वगळून. आंडरसनच्या 1835 च्या गोष्टीतले धाकटा क्लाउस आणि थोरला क्लाउस असेच बिनशेपटीचे, 'लिले क्लाउस' आणि 'स्टोरे क्लाउस'. आणि स्टोरेबेल्टवर पूल बांधला, 1998 मध्ये मोटारींसाठी खुला केला, 1624 मीटरांचा मुख्य गाळा असलेला, तर त्याचं नाव काय? स्टोरेबेल्टस्ब्रोएन. सामुद्रधुनीला शेपूट नाही, पुलाला आहे. पूल अजून पुरता विशेषनाम झालेला नाही, 'ब्रो' म्हणजे पूल हे त्यात अजून जागं आहे, असं मी समजतो.

मला सगळ्यांत थक्क करतं ते लिंग. मराठीत गावाच्या नावाचा शेवट बघून आपण बोलतो : मुंबई मोठी, सातारा मोठा, पुणे मोठं. डॅनिशमध्ये गावं आणि देश सरसकट नपुंसक. आता कोपनहेगन घ्या. मूळ नाव कोबनहाउन, म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर. शेवटचा 'हाउन' म्हणजे बंदर, आणि तो शब्द सामाईक लिंगाचा. धक्क्यावर उभं राहून बंदर मोठं आहे म्हणायचं तर विशेषण 'स्टोर'. त्याच जागी उभं राहून शहर मोठं आहे म्हणायचं तर 'स्टोर्ट', नपुंसकाचा 'ट' लावून. शब्द तोच, पण नावात शिरताना लिंग उंबऱ्याबाहेर काढून आला. खुद्द डेन्मार्कही तसाच. 'मार्क' म्हणजे शेत, रान, सामाईक लिंग. देश सुंदर आहे म्हणताना मात्र 'स्मुक' नव्हे, 'स्मुक्त'. माणसांची नावं तेवढी सामाईक लिंगात राहिली.

नावाआधी कोणतं अव्यय यायचं, हाही एक मामला आहे. 'ई' म्हणजे आत, 'पो' म्हणजे वर. कोपनहेगन 'ई', युटलंड 'ई', पण फ्यून, शेलंड, बॉर्नहोम ही बेटं 'पो'. बेटावर, हे समजतं. पण राजधानीतल्या नोरेब्रो, वेस्टरब्रो या वस्त्यांतही लोक 'पो' राहतात आणि तिथे बेट वगैरे काही नाही. हसू आलं, तेवढ्यात आठवलं की आपण तरी काय करतो? पाऊस कोकणात पडतो आणि देशावर पडत नाही. कोकणातला माणूस घाटावर जातो. व्याकरणाच्या पुस्तकाला याचं कारण विचारलं तर ते भूगोलाकडे बोट दाखवतं. आइसलंडच्या बाबतीत बोट राजकारणाकडे जातं. बेट म्हणावं तर 'पो', देश म्हणावं तर 'ई'. 1944 पर्यंत डेन्मार्कचा राजा हाच त्यांचाही राजा होता, आणि आजही डॅनिश तोंडी दोन्ही रूपं ऐकू येतात.

लिपीतही नावांचा वेगळा संसार आहे. 1948 पर्यंत डॅनिशमध्ये जर्मनप्रमाणे प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू व्हायचं. त्या वर्षीच्या सुधारणेने हा मान बहुतेक विशेषनामांपुरताच ठेवला, आणि तोही कंजुषीने : सोमवार, जानेवारी, 'डॅनिश' हे विशेषण, इतकंच काय 'डॅनिश माणूस' हे नामसुद्धा छोट्या अक्षराने. त्याच वर्षी 'ऑ' या आवाजासाठी जोडीने लिहिला जाणारा 'ए' जाऊन डोक्यावर वर्तुळ असलेलं एकच अक्षर आलं. साध्या शब्दांनी ते ऐकलं, नावांनी हट्ट धरला. ऑर्हुस शहराने वर्तुळ स्वीकारलं आणि 1 जानेवारी 2011 पासून पुन्हा जोड-'ए'कडे वळलं. तत्त्वज्ञ कीर्केगॉरच्या आडनावात तो जोड-'ए' आजही आहे. हे आडनाव म्हणजे जुन्या वळणाने लिहिलेला 'चर्चचं आवार', अर्थात दफनभूमी, हा शब्द. स्वतः कीर्केगॉर कोपनहेगनच्या ज्या दफनभूमीत विसावला आहे, तिच्या नावात हाच शब्द नव्या वर्तुळासकट आहे.

षष्ठीचा 'स' मात्र नावांना मोकळेपणाने लागतो : पीटर्स, डेन्मार्क्स. लार्ससारखं 'स'ने संपणारं नाव असेल तर तीन पर्याय अधिकृत : नुसतं लोपचिन्ह, लोपचिन्ह आणि 'स', किंवा सरळ 'लार्सेस'. आणि 'डेन्मार्कच्या राजाचा किल्ला' म्हणायचं तर 'स' राजाला न लागता डॅनिश क्रमात शेवटी येणाऱ्या डेन्मार्कला लागतो, किल्ला जरी राजाचा असला तरी.

या 'स'ने एकदा बंगालपर्यंत मजल मारली. 1755 मध्ये हुगळीच्या काठी डॅनिश व्यापाऱ्यांनी वखार थाटली आणि पाचव्या फ्रेडरिक राजाचं नाव जागेला दिलं. डेन्मार्कात फ्रेडरिक्सबेर्ग आहे, फ्रेडरिक्सहाउन आहे. राजा, षष्ठीचा 'स', मग डोंगर किंवा बंदर. हुगळीकाठी डोंगर नव्हता, आणि शेवटचा शब्द त्यांनी तिथलाच उचलला. गाव झालं फ्रेडरिक्सनगोर. हे 'नगोर' म्हणजे आपलं नगर. 1845 मध्ये ते इंग्रजांना विकलं गेलं. आता नकाशावर तिथे श्रीरामपूर आहे.